भाचा म्हणतो रेस इंजिनिअर व्हायचंय. या धंद्यात खरंच पोट भरतं का?

कोथरूडचा_मामा

नमस्कार मंडळी,

भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये आहे (विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बनवून उतरवायची स्पर्धा), म्हणजे घरी फक्त झोपायला येतो. परवा जेवताना जाहीर केलं की कॅम्पसला बसणार नाही, इंग्लंडात क्रॅनफिल्ड किंवा ऑक्सफर्ड ब्रूक्सला मोटरस्पोर्टमध्ये एमएस्सी करणार आणि रेस इंजिनिअर होणार. ताईने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका, कारण त्याला लहानपणी रविवारी टीव्हीसमोर बसवून शर्यती दाखवणारा मीच.

फी, राहणं, खाणं, विमान सगळं धरून चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातंय. राहतं घर तारण ठेवावं लागेल. तर हा रेस इंजिनिअर नक्की करतो काय? इथून गेलेल्या मुलाला तिथे कुणी दारात उभं करतं का? आणि नाहीच जमलं तर परत येऊन करायचं काय? कुणी या धंद्यात असेल किंवा जवळून बघितलं असेल तर मोकळेपणाने लिहा. "मुलाला त्याच्या मनासारखं करू द्या" छापाचे सल्ले ताईला व्हॉट्सॅपवर पोत्याने आलेत, ते नकोत.

आळशी_बोका

मुलाला त्याच्या मनासारखं करू द्या.

(पळतो)

शेंगदाणा_चटणी

पन्नास लाखांत सिंहगड रोडला टायरचं झकास दुकान निघेल. शर्यतीत तरी दुसरं काय करतात?

पिटलेन

मामा, मी काही मोसम कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर एका सिंगल-सीटर संघात डेटाचं काम केलंय. आता पुण्यात चारचौघांसारखी नोकरी करतो. त्यामुळे थोडं लिहितो.

गाडी डिझाइन करणारा वेगळा, एरोवाला (गाडीवरून वाहणाऱ्या हवेचं बघणारा) वेगळा, इंजिनवाला वेगळा, कितव्या फेरीला गाडी आत बोलवायची हे ठरवणारा वेगळा. रेस इंजिनिअरच्या ताब्यात एक गाडी आणि एक ड्रायव्हर असतो, आणि त्या दोघांचं जमवून द्यायचं हे त्याचं काम. टीव्हीवर रेडिओत ऐकू येतो तो आवाज त्याचा. हॅमिल्टनच्या मर्सिडीजमधल्या वर्षांत 'बोनो' म्हणून गाजलेला पीटर बॉनिंग्टन, व्हर्स्टॅपनचा जानपिएरो लांबियासे, ही ती माणसं. पण रेडिओ म्हणजे कामाचा अगदी छोटा तुकडा. बाकी दिवसभर कागद. या खेपेला किती फेऱ्या, किती इंधन, कुठले टायर, किती हवा, गाडीची उंची पुढे किती मागे किती, स्प्रिंग कुठली, विंग किती अंशात. केलेला प्रत्येक बदल सेटअप शीटवर गेलाच पाहिजे. लिहिला नाही तर तो झालाच नाही असं धरायचं.

गाडी पिटमध्ये आली की ड्रायव्हरने हेल्मेट काढायच्या आत टायरमध्ये सुई खुपसायची. सुईचा थर्मामीटर असतो. रबरात आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला, असे एका टायरचे तीन आकडे, चार टायरचे बारा. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा जास्त आला तर हवा जास्त झालीय. आतली कड फारच तापली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरकेपणा, जास्त. हे सगळं झटपट, कारण रबर उभ्या उभ्या थंड होतं आणि मग आकडे खोटं बोलायला लागतात.

आता खरी गंमत. एकदा एक पोरगा आत आला आणि म्हणाला, मागचं सुटतंय, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून असलेली दांडी) नरम करा. मी विचारलं, कुठे सुटतंय? वळणात शिरताना, मधे, की बाहेर पडताना? तर म्हणे सगळीकडे. डेटा लावून बघितला. वळणात शिरल्यावरही हा ब्रेक दाबूनच ठेवत होता. वजन सगळं पुढच्या चाकांवर, मागची चाकं हलकी, मग सुटणार नाही तर काय. गाडीला पाना लावायची गरजच नव्हती. पण हे सतरा वर्षांच्या मुलाला, पैसे भरणारे वडील शेजारी हाताची घडी घालून उभे असताना, सांगायचं कसं? मी म्हटलं, बार एक घर नरम केलाय, फक्त पुढच्या खेपेला ब्रेक जरा लवकर सोडून बघ. बारला कुणी बोट लावलं नव्हतं. पोरगा खूश, वेळ सुधारली, वडील म्हणाले बघा, बारच होता.

मामा, भाच्याला हा किस्सा सांगा. हसला तर ठीक. "पण बार का नाही बदलला" असं विचारलं तर त्याने डिझाइनमध्ये जावं, तिथेही चांगलं करिअर आहे.

आळशी_बोका

म्हणजे एवढं शिकून शेवटी टायरची हवा बघायची आणि गोड बोलायचं. हलके घ्या.

माळावरची

पिटलेन, किस्सा झकास, पण मला पटला नाही. ड्रायव्हरने सांगितलेलं आणि गाडीत केलेलं यात एकदा फट पडली की पुढचा प्रत्येक शेरा संशयास्पद होतो. उद्या त्याने खरंच बार नरम मागितला तर "मागे केला होता तेव्हा असं वाटलं होतं" म्हणून तो खोट्या आठवणीवर बोलणार. आमच्या टीममध्ये हे कुणी केलं असतं तर मी त्याला लॅपटॉपपासून लांब बसवलं असतं.

पिटलेन

शीटवर 'बार तसाच' असं खरं लिहिलेलं होतं, आणि जेवणानंतर त्याला एकट्याला गाठून आलेख दाखवला. वडिलांसमोर नाही एवढंच. तत्त्व म्हणून तुमचं बरोबर आहे. पण सतरा वर्षांच्या ड्रायव्हरबरोबर काम करून बघा एकदा.

ऑइलचं_बोट

कोल्हापुरातून दंडवत. आमचं उद्यमनगरात मशिनिंगचं काम आहे, म्हणून हक्काने बोलतो.

मामा, एमएस्सी-बिमएस्सी राहू दे बाजूला. रॉस ब्रॉनचं नाव भाच्याला माहीत असणारच. या माणसाने सुरुवात हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात शिकाऊ कामगार म्हणून केली, आणि शर्यतीत शिरला तो 1976 साली मार्च कंपनीत मिलिंग मशिन चालवायला! तिथून विल्यम्स, पुढे बेनेटन, मग फेरारी. शूमाकरच्या फेरारीने 1999 ते 2004 ओळीने सहा वेळा संघांचं विजेतेपद घेतलं तेव्हा तांत्रिक सूत्रं याच्याकडे. 2009 ला, होंडा फॉर्म्युला वनमधून पळून गेल्यावर, अख्खा संघ एक पौंडात घेतला आणि त्याच वर्षी ड्रायव्हरचं आणि संघाचं अशी दोन्ही विजेतेपदं नेली. मिलवरचा माणूस, भावांनो!

आपल्याकडे पण होऊन गेलेत. कोइम्बतूरचे करिवर्धन. गिरणी मालकाच्या घरचा माणूस, पण मारुतीचं इंजिन टाकून स्वस्तातली फॉर्म्युला मारुती गाडी उभी केली आणि एका अख्ख्या पिढीला त्यात बसवलं. 1995 ला विमान अपघातात गेले. पिटलेन कोइम्बतूरच्या ज्या ट्रॅकचं बोलताहेत, त्या कारी ट्रॅकला त्यांचंच नाव आहे.

रेस इंजिनिअर म्हणजे तालमीतला वस्ताद. स्वतः लढत नाही, पण पैलवानाचा कुठला गुडघा दुखतोय हे त्याच्या आधी वस्तादाला कळतं. हे विद्यापीठात मिळत नसतंय.

टेम्सकाठची

ऑइलचं_बोट, वस्ताद आवडला, पण 1976 चा दाखला आज देऊ नका हो. तेव्हा पूर्ण संघ एका शेडमध्ये मावायचा. आज मोठ्या संघात हजाराच्या आसपास माणसं आणि ट्रॅकवर त्यातली साठेकच. मिलवरून पिटवॉलवर, म्हणजे ट्रॅकशेजारी बसून शर्यत चालवणाऱ्यांच्या जागेवर, जायचा तो जिना आता काढून टाकलाय.

मी मिल्टन कीन्सजवळ राहते, शर्यतीच्या संघांना कार्बन फायबरचे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

आधी चांगलं. या पट्ट्यात खरंच काम आहे. ब्रॅक्लीला मर्सिडीज, मिल्टन कीन्सला रेड बुल, सिल्व्हरस्टोनला अ‍ॅस्टन मार्टिन, एन्स्टनला अल्पीन, ग्रोव्हला विल्यम्स, बॅनबरीला हास, जरा खाली वोकिंगला मॅक्लारेन. आणि यांच्या आजूबाजूला आमच्यासारख्या शेकडो लहान कंपन्या. मराठी मुलं-मुलीही आहेत, दिवाळीला एकाच घरी जमण्याइतकी. बहुतेक सगळी कारखान्यात: सिम्युलेशन, कंपोझिट, टेस्ट रिग. ट्रॅकवर जाणारे हाताच्या बोटांवर.

आता अडचणी. पहिली व्हिसाची. एमएस्सीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा मिळायचा, 2027 च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. त्यानंतर कंपनीने स्पॉन्सर करायला हवं. त्यासाठीची पगाराची अट 2024 च्या एप्रिलमध्ये 26,200 पौंडांवरून एकदम 38,700 वर नेली आणि 2025 च्या जुलैत 41,700 वर. नव्या पदवीधरांना थोडी सवलत आहे, पण ती कायमची नाही. छोट्या संघातला सुरुवातीचा पगार याच्या जवळपासही जात नाही आणि स्पॉन्सर करायचा परवाना तर बऱ्याच जणांकडे नसतोच.

दुसरी खाचाखोच कुणी सांगत नाही. फॉर्म्युला फोर, जीटी वगैरे खालच्या शर्यतींमध्ये बरेच इंजिनिअर रोजंदारीवर असतात, शर्यतीच्या शनिवार-रविवारचे पैसे. हा स्वयंरोजगार झाला आणि विद्यार्थी व्हिसावर तो चालत नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. म्हणजे एमएस्सी चालू असताना फक्त शिकायचं, आणि नंतरच्या दीड वर्षात धावत सुटायचं.

तिसरी, 2021 पासून फॉर्म्युला वनमध्ये खर्चाला मर्यादा आली. पहिल्या वर्षी 14.5 कोटी डॉलर. बहुतेकांचे पगार त्यात मोजले जातात. मोठ्या संघांनी तेव्हा माणसं कमी केली, ती खालच्या शर्यतींत उतरली, आणि तुमच्या भाच्याच्या खुर्चीवर आज दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस बसलाय.

जेवायला जाते, एका बाईबद्दल लिहायचंय ते आल्यावर.

फुकट_फौजदार

कार्बन जाळत गोल गोल फिरायचं आणि त्यासाठी हुशार पोरांनी आयुष्य घालवायचं. समाजाला उपयोग शून्य. त्यापेक्षा एसटीची गाडी रस्त्यात बंद पडणार नाही असं काही करा म्हणावं.

शेंगदाणा_चटणी

फौजदार, एसटीला रेस इंजिनिअर दिला तर स्वारगेट-सातारा किती वेळात?

सातारकर_सध्या_दुबई

खंबाटकीचं सेटअप वेगळं, कात्रजचं वेगळं. कंडक्टर रेडिओवर सांगणार, मास्तर टायर सांभाळा, शिरवळला चहा आहे.

ऑइलचं_बोट

आणि मास्तर म्हणणार, मला एकट्याला सोडा, मला कळतंय मी काय करतोय.

(ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी: 2012 अबुधाबी, राइकोनेन. इंजिनिअरला रेडिओवर असं झापलं आणि शर्यत जिंकूनच आला.)

नोएडा_रिटर्न

अवांतर: आपल्याकडे सगळं होतं हो. 2011 ते 2013 तीन वर्षं बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. 2011 ला मी स्टँडमध्ये होतो. मग कराचं भांडण. शर्यतीचा हक्क विकणाऱ्या कंपनीचं भारतात कायम ठाणं धरायचं का (म्हणजे इथे कर लागणार का), हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2017 ला निकाल आला, धरायचं. तोवर शर्यत केव्हाच गेली होती. ती टिकली असती तर आज दोन-तीन पिढ्या इंजिनिअर इथेच तयार झाले असते.

पिटलेन

नोएडा_रिटर्न, असहमत. त्या शर्यतीने इंजिनिअर तयार झाले नसते. संघ आले, तंबू लावले, गेले. फोर्स इंडिया संघाचं नावच इंडिया, कारखाना सिल्व्हरस्टोनला. माणसं तयार होतात ती दर आठवड्याला होणाऱ्या लहान शर्यतींतून, जिथे पैसे नसल्यामुळे एकालाच चार कामं करावी लागतात. इंग्लंडचं सगळं बळ त्यात आहे.

टेम्सकाठची

पिटलेनना अनुमोदन, आणि माझं राहिलेलं लिहिते.

लीना गाडे. आई-वडील भारतातले, जन्म इंग्लंडचा, लहानपणीची काही वर्षं भारतात. मँचेस्टरला एरोस्पेस केलं आणि नोकरी धरली जॅग्वारमध्ये, साध्या रस्त्यावरच्या गाड्यांची. सोमवार ते शुक्रवार ती नोकरी आणि शनिवार-रविवार लहान शर्यतींत फुकट काम. असं करत करत ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरणाऱ्या ऑडीच्या संघात पोचली.

2011 चं ल माँ. ऑडीच्या तीन गाड्या. पहिल्या तासातच मॅकनिशची गाडी उडाली, अंधार पडल्यावर रॉकनफेलरची. दोन्ही ड्रायव्हर वाचले हे बघणाऱ्यांना खरं वाटत नव्हतं, इतके ते अपघात वाईट होते. राहिली एकच गाडी, दोन नंबरची, फेसलर, लॉटरर आणि ट्रेलुये यांची. तिची रेस इंजिनिअर लीना गाडे. समोर प्यूजोचा अख्खा ताफा. दोन गाड्यांचा चुराडा नुकताच बघितलेल्या ड्रायव्हरला रात्रभर शांत आवाजात आकडे सांगत राहायचं, आणि त्याच वेळी इंधनाचा, टायरचा हिशोब चुकू द्यायचा नाही. 24 तासांनंतर गाडी जिंकली 13.854 सेकंदांनी. ल माँ जिंकणारी ती पहिली स्त्री रेस इंजिनिअर. 2012 आणि 2014 ला पुन्हा जिंकली. 2012 साली जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेचा वर्षातला मानाचा पुरस्कार तिला मिळाला, आणि त्या पुरस्काराचं नाव होतं 'मॅन ऑफ द इयर'.

पण मामांनी पुढचंही ऐकावं. 2016 च्या शेवटी ऑडीने ती स्पर्धाच सोडली. 2018 ला लीना अमेरिकेत इंडीकारमध्ये हिंचक्लिफच्या गाडीवर गेली, ती गाडी इंडियानापोलिस 500 ला पात्रच ठरली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे रस्ते वेगळे झाले. ल माँ तीनदा जिंकलेलं माणूस! पुढे दुसऱ्या संघांत पुन्हा उभी राहिली. या धंद्यात कंपनीच्या बोर्डाने एका दुपारी ठरवलं की तुमचा पूर्ण विभाग संपतो. घर तारण ठेवताना हे डोळ्यासमोर असू द्या.

माळावरची

काय लिहिलंय! ते 13 सेकंद माहीत होते, जॅग्वारचे शनिवार-रविवार माहीत नव्हते.

मधलं_बोट

आणि फॉर्म्युला वनला पूर्णवेळ स्त्री रेस इंजिनिअर मिळायला 2025 उजाडावं लागलं. हासमध्ये ओकॉनच्या गाडीवर लॉरा म्युलर. लीनाच्या 2011 नंतर चौदा वर्षं उशीर.

आळशी_बोका

मॅक्लारेनच्या पियास्त्रीचा रेस इंजिनिअर टॉम स्टॅलर्ड तर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक घेऊन आलाय. मामा, भाच्याला आधी मुळा-मुठेत होडी चालवायला पाठवा.

कोथरूडचा_मामा

मुळा-मुठेत होडी घातली तर पदकाआधी गॅस्ट्रो होईल.

सगळ्यांचे आभार. टेम्सकाठची, तुमचा व्हिसाचा परिच्छेद ताईला वाचून दाखवला, ती आता तुम्हाला घरी जेवायला बोलवायचं म्हणतेय. भाच्याला किस्सा सांगितला. हसला. मग म्हणाला, पण मी तरी शेवटी बार बदलूनच बघितला असता. याचं काय करायचं?

स्टुटगार्टचा_सदा

इंग्लंड-इंग्लंडच चाललंय म्हणून लिहितो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 2017 पासून युरोपबाहेरच्यांना सहामाही 1500 युरो आहेत, तरीही ब्रिटनच्या मानाने काहीच नाही. फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी होकेनहाइमला होते, आणि इथल्या विद्यापीठांच्या टीम बघितल्या तर भाच्याचे डोळे पांढरे होतील. नुरबुर्गरिंगच्या आसपास जीटी शर्यतींचे संघ आहेत, त्यांना शनिवार-रविवार माणसं लागतातच.

अट एकच, जर्मन. मेकॅनिक तुमच्याशी इंग्रजीत बोलणार नाही, आणि पावसात पहाटे चारला तर अजिबातच नाही. बी टू पर्यंत भाषा करूनच या. पन्नास लाखांच्या ऐवजी पंधरा-वीसमध्ये भागेल, आणि शर्यतीत नाही जमलं तर बॉश, पोर्श, त्यांचे पुरवठादार इथेच आहेत. अर्थात सध्या इथल्या वाहन उद्योगातही कपातीचे दिवस आहेत, ते लपवत नाही.

दुचाकी_दिनू

सगळे चार चाकांच्या मागे. मी लिहितो ते कुणाला आवडणार नाही.

भारतात शर्यतीचं खरं इंजिनिअरिंग दुचाकीत आहे, आणि ते पगारी आहे. टीव्हीएस रेसिंग 1982 पासून होसूरला. हीरोचा रॅली संघ 2016 पासून, त्यांच्या गाडीवर रॉस ब्रांच 2024 च्या डाकारला, म्हणजे वाळवंटातल्या त्या मोठ्या रॅलीला, दुसरा आला. डाकारला, गल्लीतल्या डर्ट ट्रॅकला नाही! या ठिकाणी संशोधन विभागात नोकरी करता करता शर्यतीचं काम मिळू शकतं, दर महिन्याला पगार खात्यात, आणि ताईंचं घर ताईंचं राहतं. पण दुचाकी म्हटलं की आपल्या पोरांना कमीपणा वाटतो. भाच्याच्या स्टुडंट फॉर्म्युलातलं इंजिन कुठलं आहे विचारा. बहुतेक केटीएम 390 निघेल, चाकणहून आलेलं.

कोथरूडचा_मामा

विचारलं. केटीएम 390 च आहे. चेहरा पडला त्याचा.

माळावरची

आता मी मूळ प्रश्नाकडे येते, कारण धागा कात्रजच्या घाटात अडकलाय.

मी कॉलेजात असताना आमच्या टीमची कॅप्टन होते, सध्या वाहन चाचणीच्या क्षेत्रात आहे आणि नोकरीला येणाऱ्या पोरांच्या मुलाखती घेते. मामा, "फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये आहे" याला स्वतःहून काहीही अर्थ नाही. टीममध्ये साठ जण असतात, त्यातले वीस जण टी-शर्टपुरते.

फॉर्म्युला भारतला, म्हणजे कोइम्बतूरला होणाऱ्या आपल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेला, 1000 गुण असतात. त्यातले 325 एकट्या एन्ड्युरन्सचे, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, मधे ड्रायव्हर बदलून. पण तिथवर पोचायला आधी तपासणी. गाडी 60 अंशात तिरकी करतात, तेलाचा एक थेंब खाली पडला की परत जा. मग आवाजाची चाचणी, मग चारही चाकं लॉक करून दाखवायची ब्रेकची चाचणी. दरवर्षी कितीतरी गाड्या एक फेरीही न मारता ट्रकमध्ये चढतात. रात्री तंबूत बसून पोरं ब्रेकच्या लाइनमधली हवा पुन्हा काढत असतात. तेव्हा कोण नुसतं उभं राहून रील काढतोय आणि कोण पेडलखाली उताणा झोपलाय, एवढं बघितलं तरी मला पुरतं.

म्हणून त्याला हे विचारा. गाडीतला कुठला भाग तुझा, एकट्याचा? तो मोडला तेव्हा काय केलंस? मागच्या मोसमाची सेटअप शीट आहे का, आणि त्यातला एखादा बदल करून गाडी हळू झाली, असा एक तरी आहे का? तिसऱ्याला "नाही, आमचे सगळे बदल बरोबरच होते" असं उत्तर आलं तर घर तारण ठेवू नका.

बार बदलून बघितला असता म्हणाला, त्यात मला काही वावगं दिसत नाही. बदलून, मोजून, शीटवर लिहून पुन्हा मागे आणला असता, तर तो पिटलेनपेक्षा बरा.

पिटलेन

ऐकून घेतलं, बाई. :)

आणखी एक फुकटचं काम सांगतो. मोटेकचं आय-टू नावाचं डेटा बघायचं सॉफ्टवेअर आहे, त्याची साधी आवृत्ती मोफत मिळते. आसेटो कोर्सासारख्या खेळातून त्यात डेटा काढता येतो. भाच्याने मित्राला गाडी चालवायला बसवावं, स्वतः फक्त आलेख बघून पुढच्या फेरीला काय करायचं ते त्याला दोन वाक्यांत सांगावं. दोनच. मित्राचा वेळ कमी झाला पाहिजे आणि मैत्री टिकली पाहिजे.

फुकट_फौजदार

इतकं वाचून एवढं कळलं की पोराने इथे एखाद्या बऱ्या कंपनीत दोन-तीन वर्षं काढावीत, शनिवार-रविवार चेन्नई-कोइम्बतूर करावं, आणि मग ठरवावं. कर्ज कमी लागेल, आणि तिकडे गेल्यावर मुलाखतीत दाखवायला काहीतरी असेल. यात मी एसटीचा आग्रह मागे घेतलेला नाही.

टेम्सकाठची

फौजदारांशी सहमत व्हायची वेळ आली! पण खरंय. आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा एमएस्सी सगळ्यांचीच असते. "कोइम्बतूरला दोन मोसम एका गाडीची सेटअप शीट मी सांभाळली" असं लिहिलेला अर्ज वेगळा पडतो. वय पंचविशीचं झालं तरी काही बिघडत नाही.

ऑइलचं_बोट

आणि मधल्या काळात मशिनवर हात चालवायचा असेल तर कोल्हापूरला पाठवा. पगार यथातथा, मिसळ रोज.

कोथरूडचा_मामा

माळावरचींचे प्रश्न विचारले. त्याचा भाग म्हणजे मागचं सस्पेन्शन. मागच्या वर्षी टेस्टिंगला एक रॉड एंड (सस्पेन्शनच्या दांडीच्या टोकाचा सांधा) तुटला, तर रात्री भोसरीत जाऊन नवीन आणून बसवला. शीट आहे, एक्सेलमध्ये. हळू झालेले बदल लाल रंगात आहेत, आणि बरेच आहेत. ताईने ती शीट स्वतः मागून बघितली, तिला काय कळलं ते तिलाच ठाऊक, पण म्हणाली, लाल जास्त दिसतंय रे. तो म्हणाला, म्हणून तर कळलं.

तूर्तास ठरलंय ते असं: कॅम्पसला बसायचं, नोकरी घ्यायची, कर्जाचं नंतर बघू. टीव्हीएस आणि हीरोचं तो "बघतो" म्हणालाय, दिनूशेठ. जर्मनचा क्लास लावलाय. पिटलेन, ट्रॅकवर नुसतं उभं राहून बघायचं तरी सोय होईल का?

पिटलेन

होईल. जुन्या संघातल्या एकाशी बोलतो, पुढच्या टेस्टिंगला एक पास मिळून जाईल. पैसे नाहीत, नाश्ता संघाचा, झोपायची सोय स्वतःची. बंद बूट आणि सुती शर्ट हवा, सँडल घालून आला तर पिटमध्ये घेत नाहीत. पहिले दोन दिवस त्याने फक्त टायरचे आकडे लिहून घ्यायचे, तोंड उघडायचं नाही. खासगी निरोप पाठवतो.

शेंगदाणा_चटणी

आकडे मराठीत लिहिले तर चालतील का?

पिटलेन

आमचा चीफ मेकॅनिक तमिळ आहे. कसेही लिहा, शेवटी तो बोटांवरच दाखवतो.